पात्याच्या रेषेत

सकाळी तुरातच्या हातातला चहा सांडला. फार नाही, दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या चादरीवर, चार थेंब. पण बुरुलनं वाटी नेहमीसारखी अर्धीच भरली होती. आपल्या माणसाला काठोकाठ वाटी द्यायची नसते, ते त्याला 'पी आणि ऊठ' म्हटल्यासारखं होतं, असं सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तेव्हापासून या घरात भरलेली वाटी कुणी पाहिली नव्हती. अर्ध्या वाटीतला चहा बाहेर यायला हात किती हलावा लागतो? ती त्या थेंबांकडे पाहत राहिली. त्याच्याकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही. त्यानं वाटी खाली ठेवली, पावाचा तुकडा मोडला, खिडकीबाहेर बघत म्हणाला की यंदा बर्फ लवकर वितळलं, पाटाला लवकर पाणी येईल. मग तो वाकला. वाटी जागची न हलवता तोंडच वाटीपाशी नेलं, एक घोट घेतला, आणि जमिनीवर पडलेलं काही शोधत होतो अशा आविर्भावात सरळ झाला. अट्ठावन्न वर्षांचा माणूस, पाऊणशे किलोची दारं एकट्यानं चौकटीत बसवणारा, वासरासारखा मान घालून चहा पितो आणि तो आपल्याला दिसू नये म्हणून पाटाच्या पाण्याबद्दल बोलतो.

थोड्या वेळानं अंगणापलीकडच्या कारखान्यात करवत सुरू झाली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. पण तुरात तिला कारखानाच म्हणायचा आणि बुरुलही. इतकी वर्षं तो आवाज म्हणजे घर होतं. दवाखान्यातून दुपारी परत येताना गल्लीच्या तोंडाशी तो कानावर पडला की तिचे खांदे आपोआप सैल व्हायचे: तो आहे, काम आहे, सगळं जागच्या जागी आहे. आज भांडी विसळताना तिला तो आवाज सोसवेना. टेबलातून वर आलेलं ते फिरणारं चक्र, त्याच्यावर झाकण नाही, मागे पाचर-सुरीची पट्टी नाही, आणि त्याच्या दिशेनं सरकत जाणारा तो हात. तो कोणता हात होता? उजवा. वाटी उजव्या हातात होती. फळी ढकलायचा हातही उजवाच. तिनं नळ बंद केला, परत सोडला. झाकण आणि पाचर-सुरी यंत्रासोबत आली होती, तिला आठवत होतं. तुरातनं ती पहिल्याच दिवशी काढून टाकली. घोड्याला झापड बांधतात, सुताराला नाही, म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. तीही हसली होती. त्याआधीची करवत तर त्यानं स्वतःच बनवलेली, कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राची मोटर आणि लोखंडी पत्रा जोडून. ते दिवसच तसे होते, दुकानात काही मिळत नसे, आणि जे मिळत नसे ते तुरात बनवत असे. तो हातानं काही बनवू शकत नाही असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मुळात हा विचार तिच्या मनाला कधी शिवलाच नव्हता, आणि आता तो नळाच्या पाण्यासारखा थांबत नव्हता.

दहाच्या सुमारास करवत बंद झाली आणि तुरात शेजाऱ्याच्या कुंपणाचा खांब बघायला गेला, तेव्हा तिनं कारखान्यात जाऊन चक्रावरच्या मजकुराचा फोनवर फोटो काढला. चोरासारखं वाटलं. मग डोक्याला रुमाल बांधून, बाजारात मांस आणायला जाते असं त्याला कुंपणावरूनच सांगून ती निघाली. शनिवार होता, दवाखान्याला सुट्टी. मार्शरूट्का भरलेली होती. एका शाळकरी मुलानं उठून तिला जागा दिली आणि ती त्या छोट्या बसच्या खिडकीला डोकं टेकून बसली. बाहेर बिश्केकच्या पॉपलरची उघडी झाडं सरकत होती, त्यांच्या वर कोळशाच्या धुराचा थर, आणि धुराच्याही वर, एखाद्या वेगळ्याच गावचे असावेत तसे, डोंगर.

तिला रईसा ल्वोव्ना आठवल्या. दातांच्या दवाखान्यात बुरुल पहिली अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होती. शेवटच्या वर्षी रईसा ल्वोव्नांचा हात थरथरू लागला. सुई हवेत असेतो थरथरायची, आणि हिरडीला टेकली की थांबायची. दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. सगळे त्यांच्याशी जास्त गोड बोलायचे, त्यांना जिन्यात वाट द्यायचे. बुरुल त्यांना हत्यार देताना आपला हात अर्धा क्षण त्यांच्या हाताखाली ठेवायची. त्याही काही म्हणत नसत. मग एका मंगळवारी, खुर्चीत माणूस तोंड उघडून बसलेला असताना, त्यांनी हातमोजे काढले, नीट घडी करून ट्रेमध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "बुरुल, यांना शेजारच्या खोलीत ने." बस्स. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. माणसाला स्वतःला कळतं, असा अर्थ बुरुलनं तेव्हा काढला होता. आता बसच्या काचेवर डोकं आपटत असताना तो अर्थ तिला पुरेना. रईसा ल्वोव्नांच्या सुईखाली दुसऱ्याचं तोंड होतं. दुसऱ्याचं तोंड असलं की माणूस थांबतो. स्वतःचीच बोटं असली तर? आणि तुरातला थांब म्हणायचं तरी कसं? त्याला तिनं कधी स्वेटर घाला म्हटलं तरी तो मुद्दाम शर्टावर बाहेर जायचा.

म्हणून झाकण. म्हणून पाचर-सुरी. थांब म्हणता येत नाही, तर निदान मध्ये काहीतरी उभं करावं. एवढाच विचार करून ती निघाली होती आणि बांधकामाच्या सामानाच्या बाजारात, लोखंडी डब्यांत थाटलेल्या दुकानांच्या रांगेत उभी राहिल्यावर तिला कळलं की एवढ्यानं भागत नाही. इस्हार नावाच्या दुंगान, म्हणजे चिनी वंशाच्या मुसलमान, दुकानदारापाशी तुरात नेहमी पाती घ्यायचा. त्याच्या भिंतीवर चक्रंच चक्रं टांगलेली होती, जेवायच्या ताटाएवढी, बशीएवढी, परातीएवढी, आणि सगळ्यांचे दात एकाच दिशेला.

"या एजे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं इस्हार म्हणाला. पन्नाशीचा गोल माणूस, कानामागे पेन्सिल. "मालकांनी आज मालकिणीला पाठवलं म्हणजे माझी उधारी बुडाली समजायची."

तिनं फोन पुढे केला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, व्यास ओठांतल्या ओठांत वाचला, मधल्या भोकाचं माप विचारलं. तेही फोटोत होतं. मग विचारलं, कशासाठी हवंय. लाकडासाठी, ती म्हणाली. तो हसला नाही, हे तिला बरं वाटलं. त्यानं समजावलं: फळी लांबीत, रेषांच्या ओघात चिरायची असेल तर दात थोडे आणि त्यांच्यामधली खाच खोल, म्हणजे भुसा बाहेर पडतो, आडवी कापायची तर दात दाट, म्हणजे काठ फाटत नाही. बुरुलनं विचारलं, कमी दातांचं म्हणजे कमी धोक्याचं ना? तिला वाटलं होतं, दात जितके थोडे तितका चावा थोडा. इस्हारनं मान हलवली. धोक्याचं असतं ते बोथट पातं, एजे, तो म्हणाला. बोथट असलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात ऐनवेळी थांबत नाही. ते वाक्य तिच्या अंगावरून गार पाण्यासारखं गेलं. जोर लावलेला, थरथरणारा हात. तिनं घाईनं विचारलं की सगळ्यात कमी ओढणारं पातं कोणतं. त्यानं भिंतीवरून एक चक्र काढलं. त्याच्या प्रत्येक दातामागे एक कुबड होतं. उंटाच्या जातीचं आहे, म्हणाला. कुबडामुळे दाताला मोठा घास घेता येत नाही, लाकूड उसळून अंगावर यायची भीती कमी. काम हळू होतं, पण होतं.

मग पाचर-सुरी. पात्याच्या मागे उभी राहणारी पोलादाची पट्टी. चिरलेल्या फळीच्या दोन फाकी परत मिटून पातं चिमटीत धरतात आणि मग फळी बंदुकीच्या गोळीसारखी मागे येते, ते ही पट्टी होऊ देत नाही. कुठलीही चालत नाही. पात्याच्या अंगापेक्षा जाड हवी आणि दातांपेक्षा बारीक. इस्हारनं दोन पट्ट्या मोजून बाजूला टाकल्या, तिसरी ठेवली. वर पारदर्शक झाकण. फळी टेबलाशी दाबून धरणारी लवचीक दातांची फणी. एक ढकलकाठी आणि एक रबरी तळाचा ठोकळा, म्हणजे बोटं पात्यापासून वीतभर दूर. सामानाचा ढीग वाढत गेला तसा तिचा जीव शांत व्हायला हवा होता. उलट तो जास्तच वरखाली होऊ लागला. आणखी काही आहे का, ती विचारत राहिली. आणखी काही? इस्हारनं शेवटी आपल्या फोनवर एक चित्रफीत लावली. कुठल्यातरी परदेशी यंत्रावर एक माणूस फिरत्या पात्याला सॉसेज लावतो आणि पातं जागच्या जागी गपकन थांबतं. सॉसेजला नुसता ओरखडा. हे द्या, बुरुल म्हणाली.

"हे आपल्याकडे येत नाही, एजे. सॉसेज येतं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं फोन खिशात घातला. "कुणाला काही लागलंय का?"

ती नाही म्हणाली. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. मेलिस होता, तुरातच्याच धंद्यातला. हातात धार लावून आणलेल्या चक्रांची पिशवी, पिशवीचा बंद तीन बोटांत अडकवलेला. मेलिसची दोन बोटं सात-आठ वर्षांपूर्वी करवतीत गेली होती. त्या हिवाळ्यात शहरातले निम्मे सुतार बुरुलच्या दस्तरखानाभोवती बसून, काय असतं तर ती बोटं वाचली असती यावर बोलत होते. पाचर-सुरी हा शब्द तिनं तेव्हाच ऐकला होता. आणि तुरात म्हणाला होता, बोटं गेली म्हणजे सुतार झोपेत होता. तो हे मेलिसच्या पाठीमागे म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं. एका लग्नात तोंडावर म्हणाला, दहा बोटं उचलून दाखवत. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मेलिसनं तिच्या ढिगाकडे पाहिलं, मग इस्हारकडे. इस्हार आत पिशवी शोधायला गेला.

"तुरातनं मागवलंय?" मेलिसनं विचारलं.

"हो, मेलिस-बायके," थोरल्या भावाला म्हणावं तसं ती म्हणाली.

ढिगातली फणी उचलून त्यानं तिचे दात वाकवून पाहिले. "मग बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे परत सुरू करतोय."

बुरुलला आधी कळलं नाही. मग वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिचा चेहरा बघून मेलिसला उमगलं की तिला माहीत नव्हतं, आणि त्याला शब्द मागे घेता येईनात. त्यानं फणी खाली ठेवली. हळू आवाजात, भिंतीवरच्या चक्रांकडे बघत, त्यानं सांगितलं. हिवाळा सुरू व्हायच्या आधी एके दिवशी सकाळी तुरात गाडीत फळ्या घालून त्याच्या फाटकाशी आला. गाडीतून उतरलाच नाही बराच वेळ. मेलिसला वाटलं, हा भांडायला आला. शेवटी उतरला आणि म्हणाला, तुझं यंत्र सरळ कापतं असं ऐकलंय. मेलिसनं फळ्या उतरवून घेतल्या. तेव्हापासून दर आठवड्याला, बुरुल दवाखान्यात असते त्या वेळी, तो फळ्या आणतो, खुणा स्वतः करतो, मेलिस कापतो. एका खानावळीची टेबलं, बाकं, सगळं. जोडकाम तो घरी करतो. ते वेळ लावून करता येतं.

"तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"नाही." मेलिसनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "माझी बोटं गेली तेव्हा मला ज्यानं त्यानं विचारलं होतं."

इस्हार पिशवी घेऊन आला. हे सगळं परत ठेवा म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. ज्या करवतीला कुणी लाकूड लावत नाही तिला झाकण कशाला? पण तिनं पैसे दिले. का दिले ते तिला कळलं नाही. इस्हारनं एवढं मोजूनमापून काढलं होतं, मेलिस बघत होता, आणि रिकाम्या हातानं त्या घरी जायचं ही कल्पनाच तिला करवेना.

येताना ती दोन थांबे आधी उतरली आणि चालू लागली. पिशवी जड होती, चक्राचा पुठ्ठा पोटरीला लागत होता. मग रोज दुपारी तो कसला आवाज? ती गल्लीच्या तोंडाशी यायची तेव्हा करवत चालू असायची. हिवाळाभर चालू होती. काल होती. आज सकाळी ती भांडी विसळत होती तेव्हाही. आणि आता, चालता चालता, एक-एक गोष्ट पाटातल्या काटकीसारखी तिच्यापाशी येऊन अडकू लागली. लाकूड लागलं की करवतीचा आवाज खाली बसतो, घोगरा होतो, फळी संपली की परत वर चढतो. ती झोपेतही हे सांगू शकली असती. गेले कित्येक महिने तो आवाज बसलाच नव्हता. सरळ, बारीक, एका पट्टीत. तिनं तो ऐकला होता आणि खांदे सैल सोडले होते. सकाळी फोटो काढला तेव्हा चक्राच्या दातांवर राळेचा डागसुद्धा नव्हता, आणि तिनं मनात म्हटलं होतं, किती स्वच्छ ठेवतात. तिच्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला: पत्र्याच्या खोलीत, चालू यंत्राशेजारी, काही न करता. किती वेळ उभा राहत असेल? काय बघत असेल? मेलिसच्या फाटकाशी गाडीत बसून राहिलेला तो तिला दिसेना. तिला तो फक्त दहा बोटं उचलून दाखवताना दिसत होता आणि सगळं लग्न हसत होतं. तिला एकदम त्याचा राग आला. इतका की ती थांबली. सकाळपासून ती ज्याच्या बोटांसाठी जीव टाकत होती त्यानं सहा महिने तिला फसवलं होतं, आवाजानं फसवलं होतं, आणि तीही सहा महिने फसत होती कारण तेच सोपं होतं. मग राग कुणाचा, तेही तिला नीट सांगता येईना. एक म्हातारी ढकलगाडी घेऊन मागून आली आणि म्हणाली, पोरी, रस्त्यात उभी का? बुरुल बाजूला झाली.

गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. सरळ, बारीक.

अजूनही तिला घरात जाता आलं असतं. पिशवी फाटकामागे ठेवायची, मांस मिळालं नाही म्हणायचं, चहा टाकायचा. तो आला असता, पाटाच्या पाण्याबद्दल बोलला असता. तिनं अर्धी वाटी भरली असती, मग हळूहळू पाव वाटी. असं पुष्कळ वर्षं चालू शकलं असतं. आपण माणसाची लाज राखतोय असंच दोघांनाही वाटलं असतं. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि मग कारखान्याचं दार ढकलून आत गेली.

तुरात खिडकीपाशी स्टुलावर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली घातलेले, थंडीत मुलं बसतात तसे. टेबलावर काही नव्हतं. चक्र इतक्या वेगानं फिरत होतं की थांबलेलं वाटत होतं. त्यानं मान वळवली, तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिशवीकडे पाहिलं. उठला नाही. बुरुल पुढे झाली आणि तिनं लाल बटण दाबलं. चक्र थांबायला बराच वेळ लागला.

"अहो," ती म्हणाली, "रिकामी कशाला चालवता?"

त्यानं विचार केल्यासारखं केलं. "बंद राहिली असती तर तू बघायला आत आली असतीस."

तिनं पिशवी टेबलावर उपडी केली. चक्र, पाचर-सुरी, झाकण, फणी, काठी, ठोकळा. तो स्टुलावरून उठला आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघू लागला. हात थरथरत होता आणि आज पहिल्यांदा तो लपवत नव्हता, किंवा लपवायचं विसरला होता. पाचर-सुरी त्यानं पात्याला लावून पाहिली. जाडी बरोबर आणलीस, म्हणाला. कोण होतं दुकानात, विचारलं. इस्हार, ती म्हणाली, आणि मेलिस-बायके. तुरातनं मान हलवली. बराच वेळ पट्टीच हातात धरून राहिला.

"बोलला?"

"त्यांना वाटलं मला माहीत आहे."

"चांगलं कापतो," तुरात म्हणाला. "माझ्यापेक्षा बरं." आणि मग, तिनं न विचारता, सोमवारी दवाखान्यात येतो, तुमच्या त्या वरच्या मजल्यावर नसांचा डॉक्टर बसतो ना, त्याचा नंबर लावून ठेव, असं म्हणाला. जणू कुंपणाच्या खांबाबद्दल बोलत होता.

पाचर-सुरीचे स्क्रू बसवायला त्याला फार वेळ लागला. पाना दोनदा घसरला. बुरुलनं हात पुढे केला नाही. रईसा ल्वोव्नांच्या हाताखाली ती हात ठेवायची तसा इथे ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. तो पुटपुटत होता, स्क्रूला शिव्या देत होता, आणि एकदा स्वतःशीच हसला. नवं चक्र बसलं. झाकण बसलं. झापड, तो म्हणाला. मग त्यानं कोपऱ्यातून पाइनची एक हलकी फळी ओढली, तिच्यावर पेन्सिलनं रेष मारली. रेष वाकडी आली. त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली.

"मी?" ती म्हणाली.

"मग आणलंस कुणासाठी?"

तिनं रेष मारली. त्यानं तिला टेबलापाशी आणलं, मागून खांद्यांना धरून डावीकडे सरकवलं. "पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. उसळलं तर तिथून जातं." त्याच्या उजव्या तळव्याची थरथर तिला कोटाच्या कापडातून खांद्यावर कळली. बारीक, न थांबणारी, मुठीत धरलेल्या पाखरासारखी. तिनं तोंड वळवलं नाही. मग त्यानं हात काढून घेतले, पार भिंतीपर्यंत मागे गेला आणि सुरू कर म्हणाला.

आवाज उठला. फळी पात्याला लागली तशी तो खाली बसला, घोगरा झाला, आणि तिच्या मनगटातून दंडात, दंडातून दातांत चढला. ती घाबरली होती. हळू, मागून तुरात ओरडला. थांबू नकोस, हळू. तिनं काठी धरली, ढकललं. राळेचा वास, चेहऱ्यावर उडणारा गरम भुसा, पाचर-सुरीच्या दोन्ही अंगांनी उमलत जाणाऱ्या दोन फाकी. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते भुशामुळे की कशामुळे हे बघायला सवड नव्हती. मग लाकूड संपलं, आवाज वर चढला, तिनं बटण दाबलं आणि चक्र पुरतं थांबेपर्यंत हात पाठीशी धरून उभी राहिली.

तुरात भिंतीपासून आला. एक फाक उचलून त्यानं डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला, काठावरून नजर शेवटपर्यंत नेली.

"वाकडी," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

त्यानं ती फाक भिंतीशी उभी करून ठेवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "दुसरी घे."